लागेल कधीतरी

(एकपात्री प्रयोग. टेबल, त्यावर चादर, चादरीखाली उंचवटे. बाजूला फळा. व्याख्याता संपूर्ण व्याख्यान पाठ्यपुस्तक वाचावे तसे देतो. प्रेक्षक हसले तर तो थांबतो, हसणे संपल्यावर पुढचे वाक्य घेतो. स्वतः एकदाही हसत नाही.)

जी वस्तू टाकवत नाही आणि वापरवतही नाही, तिच्यापासून तशीच दुसरी वस्तू तयार करण्याच्या क्रियेला 'टाकाऊपासून टिकाऊ' असे म्हणतात. शाळेच्या वेळापत्रकात हा विषय 'कार्यानुभव' या नावाने येतो आणि घराच्या वेळापत्रकात 'रविवार दुपार' या नावाने. 'लागेल कधीतरी' हा या शास्त्राचा पहिला सिद्धांत. तो आजवर कोणालाही खोटा ठरवता आलेला नाही, कारण त्यातल्या 'कधीतरी'ला मुदत घातलेली नाही.

व्याख्येतला 'टाकाऊ' हा शब्द सापेक्ष आहे. वस्तू टाकाऊ झाली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ती वापरणाऱ्याकडे नसून घरातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाकडे असतो, आणि या अधिकाराचा वापर नकारार्थीच होतो.

विवेचनाच्या सोयीसाठी एक नमुना कुटुंब घेतले आहे. स्थळ डोंबिवली. दोन खोल्या आणि एक बाल्कनी. बाल्कनीला ग्रिल लावून ती आत घेतल्यामुळे खोल्या अडीच. सभासद पाच : आजी, मुलगा, सून, सहावीतली नात, दुसरीतला नातू. मुलगा आणि सून सकाळच्या लोकलने जातात आणि रात्रीच्या लोकलने येतात. या दोन लोकलींच्या मधे जे उरते, त्याला व्यग्र कुटुंब म्हणतात.

(चादर जराशी वर करून एक प्लास्टिकचा डबा काढतो.)

कच्च्या मालात पहिला मान श्रीखंडाच्या डब्याचा. या डब्याचे खरे आयुष्य श्रीखंड संपल्यानंतर सुरू होते. फ्रीजमध्ये असला तर त्यात निवडलेली कोथिंबीर असते, कपाटात असला तर बटणे, आणि देवघराजवळ असला तर वाती. डब्यावर लिहिलेले आणि डब्यात असलेले यांचा मेळ न बसणे हे या वर्गातल्या वस्तूंचे ओळखचिन्ह होय. बाकीचा माल म्हणजे पुठ्ठे, रद्दी, लग्नपत्रिका, बाटल्या, एका कानातले, लोकरीचे उरलेले गुंडे, आईसक्रीमच्या काड्या आणि साड्या. लग्नपत्रिकांवर गणपती छापलेला असल्याने त्या टाकता येत नाहीत. अनेक घरांत या एका कारणामुळे १९९० नंतर नातेवाइकांत झालेल्या सर्व विवाहांची लेखी नोंद उपलब्ध आहे.

हा माल माळ्यावर साठवला जातो. आंबा आढीत पिकतो, तसा टाकाऊ माल माळ्यावर पिकतो. फरक इतकाच की आंबा पिकला हे वासावरून कळते; माळ्यावरचा माल पिकला हे तो डोक्यावर पडल्यावर कळते.

माल मिळवण्यात या शास्त्राला तुल्यबळ स्पर्धक एकच, ती म्हणजे बोहारीण. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे, हा तिचा व्यवहार. जरीची साडी आणि न विटलेली पॅन्ट या दोन वस्तूंवर तिची नजर असते आणि त्याच दोन वस्तू द्यायच्या नाहीत, असे घरात ठरलेले असते. घासाघीस तासभर चालते. चार साड्या आणि दोन पॅन्टींवर एक डबा ठरतो. मग कळते, झाकणाला एक शर्ट वेगळा. तो शर्ट बहुधा मुलाच्या अंगावर असतो.

साधनांत कात्री महत्त्वाची. प्रत्येक घरात कात्र्या तीन : एक कागदाची, एक कापडाची आणि एक सापडत नसलेली. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, हा नियम घरातल्या बाकी कोणत्याही नियमापेक्षा कडक असतो, आणि त्यामागे कारणही आहे. कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात चिनी माती किंवा खडूसारखी खनिजे मिसळलेली असतात आणि त्यांच्यावर घासून पात्याची धार मरते. ही गोष्ट आजीला खनिजशास्त्राशिवाय ठाऊक असते. नातीला ती पाठीवर धपाटा बसल्यावर कळते.

चिकटवण्यासाठी जुने साधन खळ. मैदा किंवा कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचे. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मिश्रण दाटते. ढवळणे मधेच थांबवले तर खळीऐवजी गुठळ्या मिळतात. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, कारण शिजवलेली कणीक झुरळांनाही आवडते. मोरचूद विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात तो आणू नये. अशा घरात खळ त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवावी, म्हणजे झुरळांना आमंत्रण जात नाही. नवे साधन फेविकॉल. तो १९५९पासून बाजारात आहे. अशा पांढऱ्या डिंकातले पाणी उडून गेले की मागे राहिलेला थर वस्तू धरून ठेवतो. म्हणजे दोन्ही तुकडे दाबून वाट पाहावी लागते. व्यग्र कुटुंबात वाट पाहण्याला माणूस नसतो. त्यामुळे तुकडे सुटतात आणि बोटे चिकटतात.

(टेबलाखालून घडी घातलेली गोधडी काढून खांद्यावर टाकतो.)

या शास्त्राचा सर्वोच्च आविष्कार गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी तिला वाकळ म्हणतात. तिचे अंकगणित नीट समजून घेतले पाहिजे. नऊवारी लुगडे म्हणजे ९ वार, सुमारे ८.२ मीटर. रुंदी साधारण सव्वा वार, म्हणजे १.१५ मीटरच्या आसपास. लुगड्याची लांबीत चौपदरी घडी घातली की २ मीटरहून किंचित लांब आणि सव्वा वार रुंद असा चार थरांचा आयत मिळतो. एका माणसाच्या निजण्याला तो पुरतो. नऊवारी नेसणारी पिढी सरत आली आणि गोधडीचे गणित बिघडले. पाचवारी साडीची तशीच घडी घातली तर जेमतेम १.१५ मीटर लांबी हाती येते, म्हणजे पांघरणाऱ्याने गुडघ्यापर्यंतच थंडी वाजू द्यायची नाही. त्यामुळे आता दोन-तीन पाचवाऱ्या कापून जोडाव्या लागतात.

शिवण धावदोऱ्याची. कडेने सुरुवात करून ओळी आत आत येतात. ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवले तर एका गोधडीत सुमारे ११८ मीटर शिवण होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर टाके बारा हजारांच्या घरात जातात. मिनिटाला दहा टाके या वेगाने वीस तास लागतात. रोज अर्धा तास मिळाला तर चाळीस दिवस. यात सुईत दोरा ओवण्याचा वेळ धरलेला नाही. तो नातवाचा असतो, आणि त्याचा मोबदला दर ओवणीला एक लिमलेटची गोळी.

(फळ्यावर '१२,०००' लिहितो. मागे होऊन पाहतो. खोडतो.)

या वीस तासांचे मोल काढून गोधडी दुकानातल्या ब्लँकेटपेक्षा महाग पडते, असे दाखवण्याचा प्रयत्न नमुना कुटुंबातल्या मुलाने एकदा केला. तो मोबाइलवर हिशेब करत असताना त्याच्या अंगावर गोधडीच होती.

पुरातत्त्वशास्त्रात उत्खननाचे थर वाचतात तशी गोधडी वाचता येते. वरचा थर सुनेच्या डोहाळेजेवणाच्या साडीचा. त्याखाली मुलाच्या शाळेच्या गणवेशाचे ठिगळ. त्याखाली आजेसासूबाईंचे इरकली लुगडे, ज्याचे काठ अजून शाबूत. सर्वांत आतल्या थरात कधीकधी अशी साडी आढळते की जी सुनेच्या माहितीप्रमाणे धोब्याकडे हरवली होती. अशा वेळी संशोधन तिथेच थांबवावे.

गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक अशाच रजया करतात. त्यांना कवंडी म्हणतात. हा समाज आफ्रिकी वंशाचा, आणि त्यातल्या काहींचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेलेले. कवंडीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून टाचलेली 'फुले' असतात. ती लावल्याशिवाय कवंडी त्यांच्या लेखी उघडी राहते. डोंबिवलीच्या गोधडीला फुले नसतात. तिच्या एका कोपऱ्याला धोब्याची खूण असते.

गोधडीपासून उरलेल्या चिंध्यांची वेणी घालून तिची चकली वळली की पायपुसणे होते. वस्तू क्षुल्लक, पण गणित खोल. वेणी दोन सेंटिमीटर रुंद असेल आणि पायपुसणे अर्ध्या मीटर व्यासाचे हवे असेल, तर जवळजवळ दहा मीटर वेणी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक फेरीत परीघ साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास वाढला पाहिजे. पहिली फेरी असो वा शेवटची, वाढ तितकीच. शिवणारीने वेणी ओढून धरली आणि वाढ कमी पडली, तर कडा वर उचलली जाते.

(पायपुसणे दाखवतो. ते वाडग्यासारखे झालेले आहे. क्षणभर विचार करून ते डोक्यावर ठेवतो. नीट बसते. पुढचे सर्व व्याख्यान ते डोक्यावर ठेवूनच.)

या अवस्थेत त्याला टोपली म्हणावे. उलट वेणी सैल सोडली आणि वाढ जास्त झाली, तर कडेला झालरीसारख्या लाटा येतात आणि दारात ठेवल्यावर पाय अडकतो. या दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठभागाला गणितात अतिपरवलयी म्हणतात. तो हातात धरून पाहता यावा म्हणून कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना ताइमिना यांनी १९९७ साली क्रोशाच्या सुईने विणून दाखवला. महाराष्ट्रातल्या असंख्य मावश्यांच्या हातून तो त्याआधीच तयार झाला होता. त्यांनी तो उसवला.

रद्दीचा मार्ग वेगळा. वर्तमानपत्राचे तुकडे तीन-चार दिवस पाण्यात भिजवायचे, वाटून लगदा करायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची. मेथीच्या दाण्यातला चिकट पदार्थ लगदा बांधतो आणि तिचा कडूपणा किडीला दूर ठेवतो. हा लगदा पालथ्या पातेल्यावर थापून उन्हात वाळवला की टोपली होते. जुन्या घरांत धान्य आणि पापड अशा टोपल्यांत ठेवत. दोन पथ्ये आहेत. पातेल्याला आधी कोरडे कापड गुंडाळावे किंवा तेलाचा हात फिरवावा. आणि काम पावसाळ्यात काढू नये. शाळा हा प्रकल्प जुलैत देते. सहाव्या दिवशीही टोपली ओली असते आणि घरभर मेथीचा वास. शेजारी 'आज मेथीचे लाडू का?' असे विचारून जातात. तेलाचा हात विसरल्यास टोपली पातेल्यावरून सुटत नाही. अशा घरात त्यानंतर पातेले नसते. आतून स्टीलचे अस्तर असलेली टोपली असते.

(कामट्यांचा एक चौकोन हवेत धरतो. सुतळी सुटते, चौकोनाची फुली होते.)

दिवाळीचा कंदील हा विषय मात्र सावकाश घेतला पाहिजे. एक रूढ सांगाडा असा : सारख्या लांबीच्या ४८ कामट्या, त्यांचे १२ चौकोन. हे चौकोन कडेला कड लावून न जोडता कोपऱ्याला कोपरा बांधायचे. एकूण २४ सांधे. बारावा चौकोन बसला की मोकळ्या जागांत आणखी ६ चौकोन आणि ८ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतात. एकही त्रिकोण केलेला नसताना आठ त्रिकोण मिळणे, ही या संपूर्ण शास्त्रातली एकमेव फुकटची गोष्ट. मात्र कामट्यांपैकी एक जरी बोटभर लांब असली, तर तिचा चुकार चौकोन बाकी अकरांना आपल्या बाजूला ओढतो आणि कंदील लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसासारखा एका अंगाला कलतो.

कंदिलाच्या कामात घरातल्या पुरुषाचे योगदान ऐतिहासिक स्वरूपाचे असते; म्हणजे लहानपणी चाळीत कंदील कसा केला होता, त्याचा इतिहास तो सांगतो. बांबू कुठून आणला, तासला कोणी, चाळीतल्या कोणत्या काकांनी खळीत मीठ घातले. इतिहास संपेपर्यंत वसुबारस उजाडते. सून कामावरून आल्यावर रात्री अकरा वाजता पतंगाचा कागद लावायला बसते. कागद लावताना तो सांगाड्यावर ताणून लावू नये. किंचित सैल लावून वरून पाण्याचा हलका हात फिरवला तर वाळताना तो आपोआप ताणला जातो. ही युक्ती आजीला ठाऊक असते आणि तिन्ही रंगांचे कागद फाटल्यावर ती सांगते. 'अगं, आधी विचारायचं नाही का मला?' हे वाक्य त्यासाठी राखून ठेवलेले असते.

आत दिवा कोणता, हाही प्रश्न आहे. जुन्या पिवळ्या दिव्यात विजेचा दहावा हिस्साही प्रकाशात जात नाही, बाकी सारी उष्णता. त्यामुळे पाडव्यापर्यंत कागदाला आतून तपकिरी डाग पडत. एलईडीने हा त्रास संपवला. झिरमिळ्या शेवटी लावतात. त्या लावताना नातू खालून ओढून पाहतो. अशा वर्षी कंदील माहीमच्या कंदील गल्लीतून येतो आणि घरी केलेला सांगाडा पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जातो. नमुना कुटुंबाच्या माळ्यावर असे सात सांगाडे आहेत. म्हणजे ५६ त्रिकोण.

बाटल्यांचे प्रकरण लहान आहे. बाटली रिकामी, पाणी भरले, मनीप्लांटचा तुकडा घातला. तुकड्याला किमान एक पेर हवे, कारण मुळे तिथूनच फुटतात. नुसते पान लावल्यास ते महिनोन्‌महिने हिरवे राहते आणि पुढे काहीही करत नाही. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा, पण त्याच्यामुळे पैसा येतो हे डोंबिवलीत ठरले. पाणी आठवड्याला बदलावे. डेंग्यूचा डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण तेवढाच वेळ घेतो, आणि तपासणीला आलेला माणूस घरात शिरल्यावर आधी शोभेच्या बाटल्यांकडेच वळतो.

बाटलीवर पांढऱ्या रंगात वारली चित्र काढण्याची प्रथा अलीकडची. मूळ चित्रे पालघर-डहाणूकडच्या वारली घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर, तांदळाच्या पिठाने, लग्नप्रसंगी सवाशिणी काढत. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणून जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो, ही रीत सोपी वाटते. काढायला घेतल्यावर माणसाचा डमरू होतो. नातीने काढलेल्या बाटलीवर सोळा डमरू हातात हात घालून नाचतात. बाटली मुळात कशाची होती हे कुटुंबात सांगितले जात नाही. बुचावरून ते पाहुण्यांना कळते.

गणपतीच्या आराशीचा इतिहास दोन कालखंडांत विभागावा, थर्माकोलपूर्व आणि थर्माकोलोत्तर; मधला काळ थर्माकोलचाच. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवा असते. उरलेले २ टक्के होळीपर्यंत घरात सापडत राहतात. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. तेव्हापासून मखर पुठ्ठ्याचे. नव्या फ्रीजचे खोके हा यासाठी सर्वोत्तम माल. आतल्या नागमोडी कागदाच्या उभ्या नाळ्या वजन पेलतात, म्हणून खांब कापताना नाळ्या उभ्याच राहतील असे पाहावे. आडव्या आल्यास खांब तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी नम्र होतो. फ्रीज जुना असूनही चांगला चालत असेल, तर त्या वर्षी मखराला कारण उरत नाही. नमुना कुटुंबाने ऑगस्टमध्ये फ्रीज घेतला, तो का घेतला, यावर मतभेद आहेत.

तयार वस्तू कुठे मांडावी? ती जिथे शोभेल तिथे, असे सांगण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती जिथे पोपडा उडाला असेल तिथे लावतात. नमुना घरातली सीडीची भिंतीवरची फुले ही ओलीच्या डागाच्या आकारावरून रचलेली आहेत. एका सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर, त्यामुळे दर पावसाळ्यात किती सीडी वाढवाव्या लागतील, याचा अंदाज आधीच बांधता येतो. यंदा दोन वाढल्या.

(डोक्यावरचे पायपुसणे काढतो, टेबलावर ठेवतो, पुन्हा डोक्यावर ठेवतो.)

आता वस्तूंची अखेर. काही वस्तू रुखवतात जातात : काड्यांचे घर, सुपारीचे भटजी, लोकरीचा कुत्रा, ज्याच्या पोटात बाटली असते. तिथे त्यांची दोन तास वाखाणणी होते आणि मग त्या दुसऱ्या घराच्या माळ्यावर चढतात. काही वाढदिवसाला भेट जातात. अशी भेट साधारण तीन घरे फिरून चौथ्या वर्षी करणाऱ्या घरी परत येते, आणि तिला घेताना 'अय्या, किती छान!' असे म्हणावे लागते. भंगारवाला यातले काहीही घेत नाही. पुठ्ठा त्याला चालतो, पण चमकी लावलेला पुठ्ठा चालत नाही.

गोधडी तेवढी यातून सुटते. ती झिजली की तिच्यावर नवी साडी चढवून पुन्हा टाके घालतात, आणि जुनी गोधडी नवीचे पोट होते. दोन-तीनदा असे झाल्यावर ती पेलवेनाशी जड होते. मग तिचे तुकडे करून बाळाच्या दुपट्याखाली घालतात. ते विरले की फडकी. फडकी विरली की पोतेरे. पोतेऱ्यापासून काय करावे, याविषयी या शास्त्रात एकवाक्यता नाही.

(टेबलाच्या कडेचे पोतेरे चिमटीत उचलतो. विंगेतल्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत जातो. थांबतो. मागे वळून प्रेक्षकांकडे पाहतो. पोतेरे झटकतो, चौपदरी घडी घालतो आणि श्रीखंडाच्या डब्यात ठेवून झाकण लावतो. पडदा.)